पदच्छेदाचा प्रश्न आणि संगणकीय शोध : ‘कळंब’ या नामाच्या निमित्ताने

हस्तलिखित पोथ्यांशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांना पदच्छेदाची अडचण नव्याने सांगावी लागत नाही. देवनागरी पोथीतील ओळ डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत सलग लिहिलेली असते. शब्द कोठे संपला आणि पुढचा कोठे सुरू झाला, हे लेखनिकाने दाखविलेले नसते. मोडी कागदांत तर लेखणी शक्यतो उचलावयाचीच नाही, असा शिरस्ता. शब्द तोडणे हे वाचणाऱ्याचे काम, आणि तो ते कोठे तोडतो यावर ओवीचा अर्थ अवलंबून. आपल्या प्राचीन ग्रंथांच्या पाठचर्चेत काही वाद वरवर अर्थाचे वाटले, तरी मुळात ते पदच्छेदाचे असतात. पुढे छापखाना आला, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत रूढ झाली, मेजर कँडींनी विरामचिन्हे रुळविली, आणि हा प्रश्न निकालात निघाला असे सर्वांनी गृहीत धरले. तो तसा निकालात निघालेला नव्हता. आज तो संगणकाच्या मार्गाने पुन्हा दारात उभा आहे, आणि या वेळी त्याचे उत्तर मराठीच्या अभ्यासकांना न विचारता दिले जात आहे.

ग्रंथ, नियतकालिके, शासकीय कागदपत्रे यांचे संगणकीय संग्रह आता मोठ्या प्रमाणावर होत आहेत. अशा संग्रहात एखादा शब्द शोधला असता यंत्र प्रत्येक वेळी सर्व पाने वाचत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी असते तशी एक शब्दसूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. अमुक शब्द, अमुक पान, अमुक स्थान. शोध होतो तो या सूचीत. म्हणजे सूचीत जे पद स्वतंत्रपणे नोंदले गेले नाही, ते ग्रंथात असूनही नसल्यासारखेच होते. सूची करण्यापूर्वी सलग मजकुराचे तुकडे करावे लागतात. या क्रियेला संगणकशास्त्रात टोकनायझेशन असे नाव आहे. तिला पदच्छेद म्हणण्यास कोणतीच हरकत नसावी, कारण काम तेच आहे.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ल्यूसीन हा प्रणालीसंच. डग कटिंग यांनी तो १९९९ मध्ये लिहिला, २००१ मध्ये तो अपाची या संस्थेच्या छत्राखाली आला, आणि आज जगातील असंख्य शोधव्यवस्था त्याच्या पायावर उभ्या आहेत. विकिपीडियाचा शोधही त्यांपैकीच. ल्यूसीनची रचना तीन टप्प्यांची आहे. प्रथम मजकुरातील चिन्हांची डागडुजी, मग पदच्छेद, आणि त्यानंतर एकामागून एक लावलेल्या गाळण्या; कोणी अंक एकाच लिपीत आणते, कोणी बिनमहत्त्वाचे शब्द वगळते, कोणी प्रत्यय छाटते. या साऱ्या साखळीला विश्लेषक म्हणतात. साखळीतील कोणताही दुवा काढून आपला दुवा बसविण्याची मुभा त्याच्या कर्त्यांनी जाणीवपूर्वक ठेवली आहे. कोणत्याही भाषेच्या जाणकाराने आपल्या भाषेचा पदच्छेद स्वतः ठरवावा, अशीच ही व्यवस्था आहे. ल्यूसीनच्या मूळ संचात हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आणि नेपाळी या भाषांचे विश्लेषक तयार मिळतात. मराठीचा विश्लेषक त्यात नाही.

ही उणीव नेमकी कोठे जाणवते, हे पाहण्यासाठी एखादे छोटे, फारसे वलय नसलेले नाव घेणे सोयीचे ठरेल. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे ठिकाण. यवतमाळ-नागपूर मार्गावरील, चिंतामणी गणेशाच्या मंदिरासाठी ख्यात असलेले. परंपरेने त्याचा संबंध कदंबाशी जोडला जातो, आणि कदंबाच्या जातीच्या एका वृक्षालाही मराठीत कळंब म्हणतात. समजा, या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाचे उल्लेख जुन्या-नव्या मजकुरातून गोळा करावयाचे ठरविले. तो यंत्राला एकच शब्द देईल : कळंब.

ल्यूसीनच्या संचात एक अगदी साधा पदच्छेदक आहे. अक्षर संपले की शब्द संपला, एवढाच त्याचा नियम. इंग्रजीला तो पुरतो. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे संगणकाच्या वर्गवारीत ‘अक्षर’ नाहीत; ती अक्षराला जोडून येणारी खूण आहेत. त्यामुळे हा पदच्छेदक ‘कळंब’ पाहतो तेव्हा अनुस्वारापाशी थांबतो आणि सूचीत दोन नोंदी करतो : ‘कळ’ आणि ‘ब’. ‘चिंतामणी’ची अवस्था याहून केविलवाणी, तेथे ‘च’, ‘त’ आणि ‘मण’ असे तीन तुकडे हाती येतात. हा विनोद नव्हे. ल्यूसीनचा जो प्रमाण पदच्छेदक, तोही २०११ मधील ३.१ या आवृत्तीपर्यंत स्वरचिन्हांना असाच अडखळत होता. त्या आवृत्तीपासून त्याने युनिकोडने घालून दिलेले शब्दसीमांचे नियम स्वीकारले आणि देवनागरी शब्द अखंड राहू लागले. परंतु तो साधा पदच्छेदक अद्याप संचात आहे, आणि ज्याला देवनागरीचा परिचय नाही अशा कारागिराने तो निवडला, तर मराठी मजकुराचा आजही असाच चुरा होतो.

शब्द अखंड राहिला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. खरे तर मराठीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कोणत्याही वृत्तपत्रात ‘कळंब’ हे नाव उघडे, एकटे असे फार थोड्या वेळा येते. येते ते ‘कळंबला’, ‘कळंबचा’, ‘कळंबहून’, ‘कळंबपर्यंत’, ‘कळंबमधील’ अशा रूपांत. आणि बोलण्याच्या ओघात ‘कळंबमधल्यांनासुद्धा’ असेही रूप सहज बनते. या एका पदात नाम, शब्दयोगी अव्यय, त्याचे विशेषणात झालेले रूपांतर, अनेकवचनाची खूण, विभक्तिप्रत्यय आणि पुन्हा एक अव्यय इतका ऐवज आहे. छापताना मध्ये कोठेही जागा सोडली जात नाही. यंत्राच्या लेखी तो एक शब्द, ‘कळंब’ हा दुसरा, आणि दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. हिंदीत नामानंतरचे ‘को’, ‘में’, ‘से’ सुटे लिहिले जातात, म्हणून मोकळ्या जागेवर तोडले तरी नाम बव्हंशी हाती लागते. इंग्रजीत तर प्रश्नच नाही. मराठीने हे सारे नामाला चिकटवून लिहिण्याची रीत पत्करली, आणि ती आपल्या व्याकरणाशी सुसंगतच आहे. परंतु परिणाम असा की छापील मोकळी जागा ही मराठी पदाची विश्वसनीय सीमा राहत नाही.

हा केवळ व्याकरणप्रेमींचा आग्रह आहे, असे कोणास वाटेल. त्याला एका प्रयोगाचा आधार आहे. भारतीय भाषांतील शोधाची पारख करण्यासाठी २००८ मध्ये ‘फायर’ या मंचाने हिंदी, बंगाली आणि मराठी यांचे चाचणीसंग्रह तयार केले. मराठीचा मजकूर वृत्तपत्रांतून घेतलेला होता. त्या संग्रहांवर स्वित्झर्लंडमधील ल्यिल्याना दोलामिच आणि जॅक सावोय यांनी प्रत्यय छाटून व न छाटता अशा दोन्ही प्रकारे शोध घेऊन पाहिला. त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यय न छाटण्याच्या तुलनेत प्रत्यय कसून छाटल्याने शोधाची गुणवत्ता बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत सुमारे २८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के वाढली. तिन्ही भाषांत मराठीचा आकडा सर्वांत मोठा असावा, यात मराठी वैयाकरणाला आश्चर्य वाटू नये. दादोबा पांडुरंगांपासून मो. के. दामल्यांपर्यंत सर्वांनी सामान्यरूपासाठी जी पाने खर्ची घातली, त्यांचीच ही किंमत आहे.

त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. व्याकरण वगैरे काही न पाहता प्रत्येक शब्दाची पहिली चार चिन्हे तेवढी ठेवली आणि पुढचे सारे टाकून दिले, तरी परिणाम प्रत्यय छाटणाऱ्या प्रणालीच्या जवळपास तितकाच येतो! आता गंमत अशी की संगणकाच्या मोजणीत क, ळ, अनुस्वार, ब अशी ‘कळंब’ची बरोबर चारच चिन्हे होतात. म्हणजे या युक्तीने ‘कळंबला’पासून ‘कळंबमधल्यांनासुद्धा’पर्यंत सर्व रूपे एका नोंदीखाली येतील, आणि विद्यार्थी समाधान पावेल, पण ते क्षणभरच. कारण त्याच नोंदीखाली नवी मुंबईचे कळंबोली, कोल्हापूरचा कळंबा तलाव आणि ‘कळंबकर’ आडनावाची सर्व मंडळीही येऊन बसतील. उलट दिशेची चूक आणखी बोलकी आहे. ‘कापूस’ची पहिली चार चिन्हे घेतली तर ‘कापू’ उरते आणि ‘कापसाला’ची घेतली तर ‘कापस’. ‘पाऊस’ तसाच राहतो आणि ‘पावसात’चे ‘पावस’ होते, जे रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे. ज्या जिल्ह्याचे सारे वर्ष कापूस आणि पाऊस या दोन शब्दांभोवती फिरते, तेथील मजकुरात हे दोन शब्दच दुभंगावेत, ही युक्ती कितपत स्वीकारार्ह मानावयाची? टक्केवारीची सरासरी उत्तम असू शकते; अभ्यासकाला नेमका हवा असलेला शब्द त्या सरासरीत मोजला जातोच असे नाही. उपान्त्य ऊकाराचा सामान्यरूपात अकार होतो, हा नियम शाळेत शिकविला जातो. तो यंत्राला शिकविण्यात तांत्रिक अडचण काही नाही. तो सांगावयास कोणी गेले नाही, इतकेच.

मराठीचा स्वतंत्र विश्लेषक नसल्यामुळे लिपी एकच म्हणून हिंदीचा लावावा, असा मोह होणे साहजिक आहे. त्याचे फलित काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा पाहावेच. हिंदीच्या प्रत्ययांच्या यादीत ‘जाकर’, ‘खाकर’ यांतील ‘कर’ आहे. मराठीत तो आडनावांचा प्रत्यय. हिंदीचा विश्लेषक ‘मर्ढेकर’ हे नाव घेतो, त्यातील जोडाक्षर सोडवितो, शेवटचा ‘कर’ छाटतो आणि सूचीत ‘मरढे’ अशी नोंद करतो. ‘कविता’ या शब्दातील ‘ता’ त्याला ‘करता’, ‘जाता’ यांतील ‘ता’ वाटतो, म्हणून ‘कविता’चे ‘कवि’ होते. आणि ‘कवी’ या शब्दाची वेलांटी आधी ऱ्हस्व होऊन मग तीही छाटली जाते, म्हणून त्याचे ‘कव’ होते. कवितेचा शोध घेणाऱ्यास कवी सापडत नाही आणि कवीचा घेणाऱ्यास कविता! यात हिंदी विश्लेषकाच्या कर्त्यांचा दोष नाही. त्यांनी तो हिंदीसाठी केला, आणि हिंदीचे काम तो चोख करतो. दोष झालाच तर तो लिपीच्या साम्यावरून भाषेचे साम्य गृहीत धरणाऱ्यांचा.

ज्या गावाच्या नावावरून ही चर्चा सुरू झाली, त्याचीच हिंदी विश्लेषकात होणारी गत पाहण्याजोगी आहे. ‘अन्त’ आणि ‘अंत’ ही एकाच शब्दाची दोन लेखने आहेत, हे त्याला ठाऊक आहे, कारण हलन्त ‘न’चा अनुस्वार करण्याचा नियम त्यात घातलेला आहे. हलन्त ‘म’चा मात्र नाही. त्यामुळे जुन्या, परसवर्णाने लिहिलेल्या मजकुरातील ‘कळम्ब’चे तेथे ‘कळमब’ होते, आणि ‘कळंब’शी त्याची भेट होत नाही. एका ओळीचा नियम वाढविला की हे दुरुस्त होते. परंतु असा नियम हवा, हे ज्याला परसवर्ण माहीत आहे त्यालाच सुचणार.

येथून पुढचा प्रदेश खास मराठीचा, आणि तो निसरडा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीचे ‘गांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ आणि नंतरचे ‘गाव’, ‘काही’, ‘घरात’ यांमधील दरी वाचकाचा डोळा नकळत ओलांडतो. यंत्राला ती ओलांडता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादे मासिक संगणकात आले आणि आजच्या लेखनाप्रमाणे त्यात शोध घेतला, तर अर्धे मासिक रिकामे भासेल. मग अनुस्वार सरसकट गाळावेत काय? तसे केल्यास ‘कळंब’चे ‘कळब’ होईल. येथील अनुस्वार स्पष्ट उच्चारला जातो, त्याला हात लावता येत नाही. शिवाय जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा भेद होता. अनुस्वार गाळला की तो बुडाला. ‘घरांत’चे प्रकरण तर याहून अवघड. जुन्या लेखनात ते एकवचन होते, आजच्या लेखनात तेच रूप अनेकवचनी आहे. तेव्हा कोणता अनुस्वार काढावयाचा, हे चिन्हावरून ठरत नाही. ते शब्दावरून आणि मजकुराच्या काळावरून ठरवावे लागते. याला शब्दकोश हाताशी हवा आणि प्रकाशनवर्षाची नोंद हवी. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तील शीर्षशब्द हे या कामाचे सहज उपलब्ध होणारे भांडवल आहे.

ऱ्हस्वदीर्घाचेही तसेच. हिंदीच्या विश्लेषकात सर्व दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व केले जातात. मराठीत याचा लाभ थोडाथोडका नाही. जुना ‘कवि’ आणि नवा ‘कवी’ एकत्र येतात, ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ यांची गाठ पडते. पण त्याच बरोबर ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हेही एक होतात. संतवाङ्मयाचा अभ्यासक या दोन जोड्यांची अशी सरमिसळ मुकाट्याने सोसेल, असे वाटत नाही.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक घातक आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र, ज्याला मराठीत वेगळे रूप आहे, संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा स्वतंत्र संकेत वापरून; दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. ‘ॲ’चीही हीच कथा, त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, तोवर लोक ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून काम भागवीत होते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत किती लिहिले गेले आहे, हे सर्वज्ञात आहे. उद्या कोणी त्याचा अभ्यास करावयास बसला आणि त्याच्या कळफलकाने अर्धा र एका प्रकारे लिहिला, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सर्व वृत्तान्त, अहवाल, कथा-कविता त्याच्यापासून दडून राहतील. आणि काही दडले आहे, अशी शंकाही त्याला येणार नाही. ‘शेतकरी’ हा मूळ शब्द दिला तर दोन्हींपैकी एकही सापडणार नाही, ही गोष्ट वेगळीच. न सापडणे आणि नसणे यांतील हा भेद संशोधकाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

मग मराठीचा पदच्छेद कसा असावा? प्रत्यय छाटावेत तर ‘ऋचा’मधील ‘चा’, ‘कला’मधील ‘ला’, ‘पाच’मधील ‘च’ आणि ‘गीत’मधील ‘त’ यांवरही सुरी चालते. न छाटावेत तर गाव सापडत नाही. येथे आपल्याच परंपरेतील एका जुन्या व्यवस्थेचे स्मरण होते. ऋग्वेदाची संहिता सलग म्हटली जाते. शाकल्याने तिचा पदपाठ सिद्ध केला, त्यात पदे सुटी केली आणि काही ठिकाणी ‘भिः’, ‘सु’ यांसारखे प्रत्ययही अवग्रहाने वेगळे दाखविले. पण पदपाठ आला म्हणून संहितापाठ कोणी टाकून दिला नाही. दोन्ही शेजारी-शेजारी राहिले, आणि एकावरून दुसरा पडताळता आला. ल्यूसीनमध्ये नेमकी हीच सोय आहे. मजकुरातील एकाच स्थानावर एकाहून अधिक पदे नोंदविता येतात : ‘कळंबला’ हे अखंड रूप, आणि त्याच जागी ‘कळंब’ हे मूळ रूप. ज्याला सर्व उल्लेख हवेत त्याने मुळाने शोधावे, ज्याला विशिष्ट रूप हवे त्याने रूपाने. सूची काहीशी फुगते. आजच्या साठवणीच्या मानाने तो खर्च नगण्य आहे. अट एकच : जो पदच्छेद ग्रंथाला लावला, त्याच्याशी जुळणारा पदच्छेद शोधणाऱ्याच्या प्रश्नालाही लावला पाहिजे, नाही तर दोघे वेगवेगळ्या भाषांत बोलू लागतात.

अखंड रूप जपून ठेवण्याचे महत्त्व ‘कळंब’इतके क्वचितच दुसऱ्या शब्दात स्पष्ट होत असेल. मराठीत अकारान्त सामान्यनामाचे सामान्यरूप आकारान्त होते : झाड, झाडाला. अकारान्त ग्रामनामाचे मात्र ‘ला’, ‘चा’, ‘हून’ यांच्यापूर्वी एरवी होत नाही : नागपूरला, यवतमाळचा, कळंबहून. (वर्धा, पुणे यांची गोष्ट निराळी, तेथे वर्ध्याला, पुण्याचा.) त्यामुळे ‘कळंबाला बहर आला’ म्हटले की वृक्ष समजावा आणि ‘कळंबला गर्दी झाली’ म्हटले की गाव. एका कान्याने हा भेद केला आहे. मोठ्या लिपीतील आद्याक्षर नसलेल्या भाषेने विशेषनाम ओळखण्याची जणू ही खूण राखून ठेवली आहे. ज्या क्षणी दोन्ही रूपे छाटून ‘कळंब’ एवढीच नोंद उरते, त्या क्षणी ही खूण पुसली जाते. प्रत्यय हा शब्दाला चिकटलेला कचरा आहे, असे मानून चालणाऱ्या प्रणाली हे पाहू शकत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब आणि धाराशिव जिल्ह्यातील कळंब हा भेद मात्र कोणत्याही पदच्छेदाने होणार नाही. तेथे शेजारच्या शब्दांकडे, चिंतामणी आहे की काय, यवतमाळ आहे की काय, असे पाहावे लागेल. तेवढ्यासाठीही शब्दांची स्थाने सूचीत अचूक नोंदलेली हवीत.

एक आक्षेप अलीकडे वारंवार कानी येतो. आता अर्थ जाणणारी भाषाप्रारूपे आली आहेत, शब्दांच्या सूचीचे युग संपले, तेव्हा हा खटाटोप कशासाठी? आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. या प्रारूपांना रूपांची विविधता बऱ्याच अंशी उमगते. परंतु त्यांचाही आरंभ मजकूर तोडण्यापासूनच होतो, आणि ते तुकडे व्याकरणाने न पाडता वारंवारितेच्या गणिताने पाडलेले असतात. शिवाय संशोधनाची गरज निराळी आहे. यवतमाळला १९७३ आणि २०१९ मध्ये अशी दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली. त्यांविषयी ‘साधारण असे लिहिले गेले’ एवढे कळून इतिहास लिहिता येत नाही. कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, कोणत्या शब्दांत, हे कळावे लागते. सदृश अर्थाचे दहा उतारे मिळणे आणि नेमका उल्लेख शेवटच्या एकापर्यंत मिळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शब्दसूचीचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. या दोन्ही घटनांचा गौरव पुष्कळ झाला. परंतु जी भाषा अभिजात, तिचा ग्रंथसंभार तिच्याच रूपांनी शोधता येऊ नये, ही विसंगती कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. मराठी विभागांनी संगणकतज्ज्ञ व्हावे, असे येथे कोणाचे म्हणणे नाही. सामान्यरूपांची कोष्टके, प्रत्ययसदृश अंत्याक्षरांच्या शब्दांची अपवादसूची, १९६२ पूर्वीच्या आणि नंतरच्या लेखनाच्या जोड्या ही सामग्री वैयाकरणाशिवाय दुसरा कोणी विश्वासार्हपणे तयार करू शकत नाही. ती तयार झाली की तिची गाळणी करून साखळीत बसविणे हे एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जमणारे काम आहे. विद्यापीठांतून वर्षानुवर्षे एकाच लेखकाच्या एकाच कादंबरीवर प्रबंध होत असताना, एखाद्या तालुक्यातील सर्व ग्रामनामांची सविभक्तिक रूपे हा प्रबंधाचा विषय का होऊ नये, हे कळत नाही.

आणि हे काम पुण्या-मुंबईत बसून पुरे होणार नाही, याचेही कारण कळंबलाच सापडते. तेथील बोली वऱ्हाडी. तिच्यात ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो : मले, त्याले, घराले. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. प्रमाण मराठीच्या प्रत्ययांची यादी करून बनविलेली गाळणी ‘शेतकऱ्याले’ या रूपापाशी थांबेल, कारण ‘ले’ तिच्या यादीत असणार नाही. तो यादीत घालावा तर प्रमाण मराठीतील ‘केले’, ‘गेले’, ‘झाले’ ही क्रियापदे त्या सुरीखाली येतील. महानुभाव गद्यातील ‘सि’, ‘तें’, ‘लागीं’ यांचा हिशेब पुन्हा स्वतंत्र मांडावा लागेल. म्हणजे एक सर्वसमावेशक मराठी विश्लेषक ही कल्पनाच तपासून घ्यावी लागते. प्रमाण मराठीचा एक, वऱ्हाडी मजकुराचा दुसरा, प्राचीन मराठीचा तिसरा, आणि कोणत्या ग्रंथाला कोणता लावावयाचा याची नोंद ग्रंथागणिक. ल्यूसीनमध्ये एकाच संग्रहातील निरनिराळ्या विभागांना निरनिराळे विश्लेषक लावता येतात; ती सोय आहेच. ‘घराले’ म्हणजे ‘घराला’ आणि ‘भरले’ म्हणजे क्रियापद, हे त्या यंत्राला प्रथम सांगावे लागेल, आणि ते सांगणारा माणूस ‘घराले’ म्हणणाऱ्या गावचाच असावा लागेल.